उभा यजमान

लाझेतिचांच्या घरात काही बिघडलं की आधी जेवतात आणि मग दोषी शोधतात. उपाशीपोटी शोधला तर तो घरातच सापडतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. त्या रविवारीही रादिवोयेच्या स्वयंपाकघरात आंबवलेल्या कोबीच्या पानांतली सारमा पातेलंभर शिजली होती, सगळे पोटभर जेवले होते, आणि बाबा पडले ते इस्पितळामुळेच यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं.

हे एकमत कॉफी उतू जाईपर्यंत टिकलं.

"मी काय म्हणते," देसांकानं रुमालानं ओठ टिपले. तिघा भावंडांत ती थोरली. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे समोरचा नापास होणारच आहे अशा सुरात बोलायची तिला सवय. "डायरेक्टर माझ्याशी स्वतः बोलले. बाबांचं खुब्याचं हाड बसवलंय, पण असेच पडून राहिले तर ते पुन्हा पायावर उभे राहायचे नाहीत. गरम झऱ्यांवरच्या केंद्रात म्हाताऱ्या माणसांना परत चालायला शिकवतात. तिथे येत्या गुरुवारी एक जागा रिकामी होतेय. डायरेक्टर बाबांचं नाव लावायला तयार आहेत. आपण उद्या फक्त लिहून द्यायचं, की नर्सनं पलंगाचा कठडा खाली सोडला म्हणून हे झालं. एवढंच."

"एवढंच?" रादिवोयेची बायको वुकोसावा ओट्यापासून गर्रकन वळली. "वन्सं, त्या नर्सचं नाव तरी घ्या. स्तामेंका! माझ्या लग्नात माझ्याशेजारी मेणबत्ती धरून उभी होती ती. आमच्या लेकीचं नाव तिनं ठेवलं. आपली कुमा आहे ती, देवासमोर जोडलेलं नातं!"

"कुमा आहे हे मला ठाऊक नाही का?"

"ठाऊक असून बोलताय, हे जास्त वाईट. वर देव आणि खाली कुमा, असं तुमचेच बाबा म्हणतात ना? तिची नोकरी घालवायची आपण? पेन्शन तोंडावर आलेली असताना?"

"मग काय बाबांचे पाय घालवू?"

वुकोसावानं सांडलेली कॉफी पुसायला घेतली, आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.

धाकट्या ल्युबिसावनं घसा खाकरला. तो व्हिएन्नात फरशा बसवायचा, आणि गावी आला की इथलं काय काय चुकतं ते सांगून जायचा. "व्हिएन्नात असं झालं असतं ना दादा, तर इस्पितळाला टाळं लागलं असतं. तिथे कठडा असतो, हाताशी घंटी असते, पायात न घसरणारे मोजे असतात. हा माणूस पडू शकतो असं सांगणारी पट्टी मनगटाला असते. पेशंट पडणार नाही हे बघणं ही इस्पितळाची जबाबदारी. कायदाच आहे!"

"आणि व्हिएन्नात," वुकोसावानं फडकं आपटलं, "तुझ्या बापाला वॉर्डात कुळाच्या संताचा सण, स्लावा, करू दिला असता का रे? पाद्री, मेणबत्ती, राकिया आणि अर्धी गल्ली?"

ल्युबिसावनं कपात तोंड घातलं. राकियाची, त्या कडक दारूची, बाटली त्यानंच नेली होती, इस्पितळाच्या टॉवेलात गुंडाळून.

रादिवोये पुन्हा सारमा खात होता, भूक नसताना. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही, ही एकच सुरक्षेची खबरदारी त्याला त्या दिवशी सुचली होती. बाकी सुरक्षा हाच त्याचा धंदा. कारखान्यांत आणि बांधकामांवर फिरून मजुरांना आणि मुकादमांना तो धडे द्यायचा, आणि उंचीवरून पडणे हा तर त्याचा लाडका विषय. प्रत्येक भाषणाच्या शेवटी तो बोट वर करून सांगायचा, "माणूस चुकणारच. कठडा चुकता कामा नये." लोक टाळ्या वाजवायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

घडलं होतं ते असं. बाबांच्या, म्हणजे म्हाताऱ्या वेलिझारच्या, फुप्फुसात पाणी झालं म्हणून त्यांना इस्पितळात ठेवलं होतं. पाणी काढायच्या गोळ्यांनी त्यांचं डोकं गरगरायचं. त्यात कुळाच्या संताचा दिवस आला, जुर्जिच. "वर्षातून एकदा संत माझ्या घरी येतो, आणि मी घरी नाही? पायजम्यात चालत येईन!" असं त्यांनी पलंगावरून जाहीर केलं, आणि ते आले असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा रादिवोये कुमाला भेटला. स्तामेंका त्या मजल्याची मुख्य नर्स. तिनं कपाळाला हात लावला, पण तोही तिचा कुम, आणि कुमाला नाही म्हणायची रीत आमच्याकडे नाही. "एक मेणबत्ती, एक पाव, आणि लगेच बाहेर," ती म्हणाली.

आता स्लाव्याला कुणी कुणाला बोलावत नाही, लोक येतातच. आणि न बोलावता आलेल्याला परत कसं पाठवणार? वुकोसावा शेजारणीपाशी बोलली होती, म्हणजे गल्लीत दवंडीच पिटल्यासारखं. अख्खी गल्ली आली. वासानं वॉर्डातले पेशंटही आले, एक तर सलाईनचा खांब ढकलत. उकडलेल्या गव्हाचा झितो वाटला गेला. ल्युबिसावनं बाबांना घोटभर राकिया दिली, संताच्या नावानं. देसांकानं त्यांच्या पायातल्या रबरी सपाता काढून काळे कातडी बूट चढवले, चकचकीत पॉलिश केलेले, कारण यजमान सपातांत दिसला तर लोक काय म्हणतील? पाद्री येणार म्हणून सफाईवालीनं फरशी आरशासारखी पुसून ठेवली.

आणि रादिवोयेनं गाठ सोडली.

पलंगाच्या कठड्याची खीळ वसंतातच पडून गेली होती. स्तामेंकानं वर कितीदा कळवलं, कुणी आलं नाही. शेवटी तिनं कठडा वर उचलून बँडेजच्या पट्टीनं बांधून टाकला होता. रादिवोयेला ती पट्टी दिसली आणि त्याच्यातला तज्ज्ञ जागा झाला. "कुमा, हे काय? असला बांधलेला कठडा नसण्यापेक्षा धोक्याचा! माझ्या साइटवर असं दिसलं तर मी दंड करतो." शिवाय पाद्रीसमोर ती पट्टी बरी दिसेना, आणि पावाचं टेबल पलंगाला भिडवायचं होतं. त्यानं स्वतःच्या हातानं गाठ सोडली. कठडा खणकन खाली आला. "मग तूच उभा राहा इथे, धरून," स्तामेंका म्हणाली, आणि तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून कुणी तरी ओरडलं म्हणून धावली. अख्ख्या मजल्याला त्या दिवशी ती एकटीच होती. रादिवोये उभा राहिला. थोडा वेळ.

आमच्याकडे स्लाव्याला यजमान बसत नाही. पहिला पाहुणा येतो तेव्हापासून शेवटचा जाईपर्यंत तो उभा असतो, ओततो, वाढतो, मिठ्या मारतो. वेलिझार तापात उभे राहिलेले, मूतखड्यात उभे राहिलेले, बायको गेली त्या वर्षीही उभे राहिलेले. त्या खोलीत त्यांना "झोपून राहा" म्हणायची कुणाची छाती होती? पाद्रीनं पाव हातात घेतला, गाणं सुरू झालं, आणि म्हाताऱ्याचे काळे बूट पलंगावरून खाली आले. पुढचं सगळ्यांनी ऐकलं, बघितलं कुणीच नाही. सगळ्यांचे डोळे भक्तीनं मिटलेले होते.

म्हाताऱ्याला पाडायचंच म्हणून लाझेतिचांनी योजना आखली असती, तर ती इतकी नीट जमली नसती. आखून केलेलं काही या घरात आजवर जमलेलं नाही.

"कठडा खाली कुणी केला, हे तरी नक्की ठाऊक आहे का?" वुकोसावानं विचारलं. ती सगळ्यांना विचारत होती, पण बघत नवऱ्याकडे होती.

रादिवोयेनं आणखी एक घास घेतला. त्याला वाटलं, घास गिळून झाला की सांगावं. मग वाटलं, हा पुढचा झाला की.

तेवढ्यात दार वाजलं, आणि न थांबता उघडलंही. कुमा दार वाजवते ती रीत म्हणून, परवानगीसाठी नव्हे. स्तामेंका आत आली. हातात कापडी पिशवी होती. "म्हाताऱ्याचे पायजमे. घरी धुतले. इस्पितळाच्या लाँड्रीत दिले तर दुसऱ्याचे येतात परत." तिनं पिशवी खुर्चीवर ठेवली, एकेकाचं तोंड बघितलं आणि स्वतःच स्टूल ओढून घेतलं. "बरं, माझ्याबद्दलच बोलत होतात ना? चालू द्या. मलाही द्या कॉफी."

वुकोसावानं कप भरून तिच्यापुढे ठेवला.

"सही करून टाका," स्तामेंका म्हणाली.

"काय?" देसांका दचकली.

"सही करा गं. डायरेक्टरनं मलाही सांगितलंय काय ठरलंय ते. त्याला एक मान हवी आहे, आणि माझी हाताशी आहे. खीळ कुणी बसवली नाही, घंटी बंद पडलेली, मजल्याला एकच नर्स, हे सगळं वरपर्यंत गेलं तर त्याची मान जाईल. म्हातारा मात्र चालला पाहिजे. बहिणीकडे गावाला जाईन, कोंबड्या पाळेन. कोंबड्या पडत नाहीत आणि पडल्या तर नातेवाईक येत नाहीत."

ती हसली, पण बाकी कुणी हसलं नाही.

मग जे झालं ते फक्त लाझेतिचांच्याच घरात होऊ शकतं. आतापर्यंत सही करा म्हणणारी देसांका हुंदका देऊन म्हणाली, "कशी करू गं सही तुझ्या तोंडाकडे बघून! मी नाही करणार. जागा गेली तर गेली खड्ड्यात!" आणि आतापर्यंत कुमाची बाजू घेऊन भांडणारी वुकोसावा एकदम गप्प झाली. रादिवोयेला ती गप्प का झाली ते कळलं. आजन्म अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं सगळं करायला देसांका येणार नव्हती, व्हिएन्नाहून ल्युबिसाव येणार नव्हता. ते वुकोसावालाच करावं लागणार होतं. तत्त्व आणि बेडपॅन यांत निवडायची वेळ आली की माणूस जरा थांबतो. त्याबद्दल तिला कुणी बोल लावू नये, निदान रादिवोयेनं तरी.

"म्हणजे आता सही करायची की नाही?" ल्युबिसावनं वैतागून विचारलं. "तुम्ही दोघी एका बाजूला या, नाहीतर मी तरी कुठल्या बाजूला जाऊ?"

"तू व्हिएन्नाला जा," दोघी एकदम म्हणाल्या.

"पण ती पट्टी सुटली कशी गं स्तामेंका?" देसांकानं डोळे पुसत विचारलं. "तू तर घट्ट बांधली होतीस ना?"

रादिवोयेचा घास घशातच राहिला. स्तामेंकानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सुटली असेल," ती म्हणाली आणि कॉफी संपवून उठली. "निघते. ड्यूटी आहे."

तिनं त्याला वाचवलं, आणि त्याला इतकी लाज वाटली की दारापर्यंत पोचवायलाही तो उठला नाही. साठीला टेकलेला माणूस, सुरक्षा अभियंता, तोंडात कोबी धरून बसून राहिला.

सोमवारी सकाळी सगळे बाबांच्या खोलीत जमले. वेलिझार उशीला टेकून पडले होते, डोळे मिटून. शेजारच्या पलंगावरचा पेशंट तपासणीला गेला होता. स्तामेंका ताप बघून कोपऱ्यात उभी राहिली, हात मागे बांधून, वर्गात उभं केल्यासारखी. डायरेक्टर डॉ. स्पासेनोविच आले ते अगदी वेळेवर. गोरेगोमटे, नीटनेटके, आणि बोलणं इतकं गोड की साखर वेगळी घालायला नको.

"आपल्या सगळ्यांनाच आजोबांची काळजी आहे," ते म्हणाले. "गुरुवारची जागा मी धरून ठेवली आहे. वय बघता हे आठवडे वाया गेले तर मग अवघड आहे, ते मी लपवत नाही. तुम्ही एवढी सही केलीत की प्रकरण आतल्या आत मिटतं, आणि मी लगेच शिफारस लिहितो. मिटलं नाही, तर मात्र चौकशी समिती, फाइल इकडून तिकडे, आणि तोवर शिफारशीला माझाही इलाज नाही. कोण करतंय सही? थोरला मुलगा?"

पेन रादिवोयेसमोर आलं.

बाबांचे पाय पांघरुणाखाली दोन काठ्यांसारखे दिसत होते. या पायांनी म्हाताऱ्यानं सगळं आयुष्य उभं राहून काढलेलं. आपण सही केली तर ते पाय चालतील. फक्त एका बाईची मान जाईल, आणि तीही आपणहून पुढे केलेली. इतकं स्वस्तात कुणाला मिळतं? रादिवोयेनं पेन हातात घेतलं. अगदी सही करायला म्हणूनच घेतलं, नंतर त्यानं कुणाला काहीही सांगितलेलं असो.

मग त्याची नजर स्तामेंकावर गेली. ती खिडकीबाहेर बघत होती, त्याला अवघड होऊ नये म्हणून.

"गाठ मी सोडली," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"कठड्याची गाठ. हिनं बांधली होती, मी सोडली. माझ्या हातानं. वर तिला व्याख्यानही दिलं, की अशी गाठ धोक्याची असते."

डायरेक्टरांच्या भुवया वर गेल्या. "तुम्ही? पण तुमच्या बहिणीनं सांगितलं की तुम्ही स्वतः सुरक्षा अभियंता आहात."

"आहे ना. त्याचीच तर लाज वाटते."

"म्हणजे तुम्ही तक्रार मागे घेताय? उत्तम! मग इस्पितळाची काहीच..."

"कोण म्हणालं मागे घेतोय?" रादिवोयेचा आवाज चढला. साइटवर असतो तसा. "माझ्यावर तक्रार आहे आणि तुमच्यावरही आहे. मी मूर्ख आहे हे लिहून देतो, पाहिजे तर मोठ्या अक्षरांत. पण डॉक्टर, कठडा असतो तो मूर्खांसाठीच. शहाण्यांच्या घरचे पेशंट पडत नाहीत, आमच्यासारख्यांच्या घरचे पडतात. गाठ मी सोडली, पण गाठ मारायची वेळ कुणी आणली? खीळ वसंतापासून नाही. घंटी वाजत नाही. म्हाताऱ्याला चक्कर आणणाऱ्या गोळ्या सुरू केल्या आणि तो उभा राहिला तर काय होईल हे कुणी बघितलं नाही. आणि इतक्या पलंगांना ही एकटी बाई. ती आम्हाला थांबवायला उभी राहिली असती, तर पलीकडचा पडला असता. हे लिहा. सगळं लिहा. मग करतो सही."

"बूट मी घातले," देसांका एकदम म्हणाली.

"ताई, तू कशाला..."

"घातले म्हणजे घातले! कातडी तळव्यांचे. घर्षण म्हणजे काय हे मी मुलांना शिकवलंय, मला कळायला नको?"

"घर्षण भौतिकशास्त्रात येतं, ताई."

"तेही शिकवलंय! पावलोविच बाई बाळंतपणाला गेल्या तेव्हा!"

"राकिया मी दिली," ल्युबिसाव पुटपुटला. "व्हिएन्नात असतो तर तुरुंगात असतो."

"शेजारणीला मी सांगितलं," वुकोसावा म्हणाली, आणि रडायलाच लागली.

पिढ्यान्‌पिढ्या दोष एकमेकांकडे टोलवणारं घर त्या सकाळी दोषासाठी भांडायला लागलं. कुणालाच आपला वाटा कमी धरलेला चालेना. डायरेक्टरांनी एकाकडून दुसऱ्याकडे बघितलं, पेन परत खिशात लावलं आणि कागद घडी केला. त्यांच्या आवाजातली साखर संपली होती. "ठीक. मग समितीसमोर बोलू. गुरुवार विसरा." आणि दार न लावता निघून गेले.

"गेली जागा," ल्युबिसाव म्हणाला.

"आणि माझी नोकरी राहिलीच असं नाही," स्तामेंका म्हणाली. "पण गेलीच तर निदान खऱ्यासाठी जाईल. गाढवा, कालच बोलला असतास तर मी रात्रभर झोपले असते."

रादिवोये पलंगाशी वाकला. कालपासून घशात अडकलेलं सगळं आता वर आलं. "बाबा, माफ करा. तुमचे पाय मी घालवले. आधी गाठ सोडून, आणि आता तोंड उघडून."

वेलिझारनी डोळे उघडले. ते झोपलेले नव्हतेच.

"झालं का तुमचं सगळ्यांचं?" म्हातारा म्हणाला. "कठडा, बूट, राकिया, शेजारीण. छान. म्हणजे मी पोतं, तुम्ही मला ढकललंत. मी का उठलो हे विचारलं कुणी?"

"स्लावा होता, बाबा. यजमान बसत नाही."

"मला शिकवू नकोस. मी बसणार होतो."

"बसणार? तुम्ही?" देसांकानं विचारलं.

"बसणार होतो मी," वेलिझारनी पुन्हा सांगितलं, चिडून. "डोकं गरगरतंय हे मला कळत नव्हतं का? ठरवलं होतं मनाशी, यंदा बसून. संताला सांगितलंही होतं. तुम्हाला कशाला सांगू? मग पाद्रीनं पाव उचलला. तो पाव पाद्री आणि यजमान मिळून धरतात, मिळून फिरवतात. आणि बघतो तो काय, तू पावाखाली हात घातलास. माझ्या जागी. मी जिवंत असताना!"

रादिवोयेला आठवलं. खरंच घातला होता. कठड्यापाशी उभं राहायचं सोडून तो पुढे सरकला होता, तो यासाठीच. पाद्री एका बाजूनं पाव धरून वाट बघत होता, दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं, आणि त्याचे हात आपोआप पुढे गेले होते. किती वर्षं त्या पावाकडे तो नुसता बघत आला होता! बरोबरीच्या सगळ्या मित्रांना त्यांच्या बापांनी स्लावा सोपवला होता. हा एकटाच अजून पाहुण्यांचे कोट टांगायचा.

"बाबा, तुम्हाला उठावं लागू नये म्हणून घातला हात."

"माहीत आहे मला," वेलिझार म्हणाले. "म्हणून तर संताप आला."

देसांका नाक पुसत राहिली. म्हातारा छताकडे बघत होता, आणि त्याची हनुवटी थरथरत होती. ती थरथर लाझेतिचांपैकी कुणी याआधी पाहिलेली नव्हती.

"पुढच्या वर्षी पाव तूच धर," तो शेवटी म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी खुर्चीत बसेन. आणि तू कुठे कुठे चुकतोस ते पाद्रीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगेन."

ज्या वाक्याची अर्धं आयुष्य वाट बघितली ते मिळालं, आणि रादिवोयेला ते नको झालं. त्याला बाप उभा हवा होता. दाराशी, पाहुण्यांना ओरडत, कुणाला बसू न देणारा. तो ओक्साबोक्शी रडला, बायकोसमोर, भावंडांसमोर, आणि दारातून डोकावणाऱ्या सलाईनच्या खांबासमोरसुद्धा.

"खुर्ची कशाला?" तो नाक ओढत म्हणाला. "गुरुवार गेला तर गेला. मी रोज येतो. मी शिकवतो तुम्हाला उभं राहायला."

"तू?" वेलिझार म्हणाले. "तू शिकवणार मला, पडू नये कसं ते?"

आधी स्तामेंका हसली. मग वुकोसावा रडता रडता हसली, मग सगळेच. म्हातारा तेवढा हसला नाही, पण त्यानं पांघरूण बाजूला केलं.

"आधी त्यांना कडेला बसवायचं," स्तामेंका पुढे येत म्हणाली. "पाय खाली. मग थांबायचं. डोकं गरगरतंय का विचारायचं, आणि ते नाही म्हणाले तरी विश्वास ठेवायचा नाही. पायात रबरी सपाता. ल्युबिसाव, पलंगाचं चाक अडकवलंय का बघ. आता उचल, कुम रादिवोये. काखेखाली हात घाल. ओढू नकोस."

रादिवोयेनं वाकून बापाच्या काखेखाली दोन्ही हात घातले. वेलिझारनी त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि घालू दिले.